शेवटचा हलका ठोका

ज्याला खोटं वाटेल त्याला खुशाल वाटू दे. मला कुणाला पटवायची हौस उरलेली नाही.

पण त्या संध्याकाळी टेकडीवरच्या शाळेच्या पटांगणात आमचं अर्धं केदुंगलो गाव जमलं होतं. तो आवाज त्या सगळ्यांनी ऐकलाय. विचारलंत तर सांगतील. फक्त माझ्यासमोर सांगणार नाहीत.

शुक्रवार होता. मगरिबची अजान व्हायची होती.

मी रातमी. माझे बाबा वागिमिन आमच्या धरणाचे राखणदार होते. नदीचा पूर अडवायला बांधलेलं मातीचं धरण, डचांच्या काळातलं, गावाच्या अगदी डोक्यावर. दरवाजे उघडायचे, बंद करायचे आणि पाण्याची खबर गावाला द्यायची, हे बाबांचं काम.

खबर द्यायची केंतोंगनवर. फणसाच्या लाकडाचा पोकळ ओंडका, मध्ये उभी चीर, टिपरूने वाजवायचा. न थांबता घाईघाईने बडवला की पळा. सावकाश सुरू होऊन वेग घेतला आणि पुन्हा सावकाश होत थांबला, की सगळं ठीक. या ठेक्याला आम्ही दोरो मुलुक म्हणतो. म्हणजे कबुतर उडालं.

दोरो मुलुक वाजवून झाला की बाबा जरा थांबायचे...

मग एकच हलका ठोका द्यायचे.

तो गावासाठी नव्हता, आईसाठी होता. भात लाव, मी निघालो. शेजारणी आईला चिडवायच्या, "जा गं साकिनेम, नवऱ्याने साद घातली." आई हसू दाबत चुलीकडे वळायची.

त्या संध्याकाळच्या तीन वर्षं आधी दरवाजात अडकलेला कचरा काढताना बाबांचा पाय घसरला आणि ते गेले. धरणाच्या ऑफिसने दुसरा राखणदार नेमलाच नाही. खांबावर एक भोंगा बसवला आणि बाबांचं केंतोंगन आमच्या दारात आणून टाकलं.

धरणाच्या पायथ्याशी पाझर होता. वरच्या रस्त्याला हात जाईल एवढी भेग होती. दरवर्षी पाहणीला साहेब यायचे, आमच्याच ओसरीवर बसून कॉफी प्यायचे, तळलेला कसावा खायचे आणि म्हणायचे, "काकू, तुमच्या नातवंडांची लग्नं होतील, तरी हे धरण जागचं हलणार नाही." मग दरवाजांना निळा रंग लागायचा आणि भेगेवर सिमेंटचा लेप बसायचा. आई त्यांच्या बशीत आणखी कसावा वाढायची. ते आठवलं की अजून माझा जळफळाट होतो.

त्या आठवड्यात पावसाने उसंत दिली नाही. शुक्रवारी दुपारी पाझराचं पाणी गढूळ यायला लागलं.

नितळ येतं तोवर ठीक. गढूळ आलं म्हणजे धरणाच्या पोटातली माती वाहतेय. बाबांनी हे जेवताना इतक्या वेळा सांगितलं होतं की आम्हा भावंडांना पाठ होतं. माझ्या धाकट्या भावाने, तुगियोने, ऑफिसला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "भोंगा वाजला की निघा. वाजला नाही म्हणजे काळजी नाही."

आम्ही भोंग्याची वाट बघितली नाही. गावातलीही बरीच माणसं निघाली. आई मात्र अडून बसली. "हे इथे सोडून मी येणार नाही," म्हणाली. हे म्हणजे केंतोंगन. शेवटी मी ते पोटाशी धरून आईमागे तुगियोच्या मोटरसायकलवर बसले. टिपरू घरीच राहिलं.

पटांगणात चटया पसरल्या होत्या. शेजारचे कास्नोकाका चेष्टा करत होते, "पाणी आलं नाही तर उद्याचा नाश्ता रातमीच्या खानावळीत, फुकट." मी म्हटलं, "आधी मागची उधारी द्या, काका." लोक हसले. आईसुद्धा हसली.

तेवढ्यात पाऊस थांबला.

बेडूक ओरडत होते, तेही थांबले...

आणि धरणाकडून आवाज आला.

टोक...

टोक...

टोक, टोक, टोक. वेग वाढला. मग पुन्हा सावकाश झाला. मग थांबला.

दोरो मुलुक.

"ऑफिसने माणूस नेमला वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"ऑफिस? आणि माणूस?" दुसरा म्हणाला. "शिवाय तिकडची वाट दुपारपासून पाण्याखाली आहे."

केंतोंगन माझ्या मांडीवर होतं. तिकडून एकेक ठोका आला तेव्हा इथे... ते लाकूड आतून थरथरलं होतं. माझ्या तळव्यांना ते कळलं होतं.

सगळीकडे शांत झालं. मी मनात म्हणत होते, पुढचा नको. पुढचा येऊ देऊ नकोस.

मग...

एकच. हलका.

आई उठून उभी राहिली.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तीन वर्षांत ती तशी दिसली नव्हती. तिने लुगडं झटकलं, केस बांधले.

"कुठे निघालीस?" तुगियोने तिचा हात धरला.

"भात लावते."

"आई, बाबा गेलेत."

"मला सांगतोस? त्यांना शेवटचं न्हाऊ मी घातलंय."

"मग?"

"मग काय? त्यांनी कधी खोटं वाजवलंय का रे?"

वाजवलं नव्हतं खरंच. आख्ख्या नोकरीत एकदाही नाही. कास्नोकाका हळूच म्हणाले, "वहिनी बरोबर बोलतात. वागिमिनने गावाला कधी फसवलं नाही." त्यांनी आपली चटई गुंडाळली. आणखी चार-पाच जणांनी गुंडाळली.

आई माझ्याजवळ वाकली. "तू बस. तुगियोला घेऊन मागून ये. गरम गरम वाढते," म्हणाली आणि हात सोडवून उतारावरून निघाली. गुडघे दुखतात म्हणून रोज कुरकुरणारी माझी आई भराभर चालत गेली. कास्नोकाका आणि ते चार-पाच जण तिच्या मागोमाग गेले.

तिला परत आणायला तुगियो मोटरसायकलकडे धावला. किक मारत राहिला. गाडी सुरूच होईना.

अजान सुरू झाली. आणि मला ओल्या मातीचा वास आला... शेत नांगरल्यावर येतो तसा, पण दाट, श्वास कोंडणारा.

लोकांना वाटतं धरण फुटताना मोठा धमाका होतो. तसं काही झालं नाही. खाली बांबूची बेटं एकामागून एक आडवी व्हायला लागली. वारा नव्हता. मग त्यांच्या मागून पाणी दिसलं. खालच्या आळीतले दिवे एक एक करून गेले.

भोंगा शेवटपर्यंत वाजला नाही.

आई खालच्या उसात सापडली. कास्नोकाका सापडलेच नाहीत. ऑफिसचं म्हणणं पडलं की चाचणीच्या दिवशी भोंगा व्यवस्थित वाजला होता.

आईच्या चाळिसाव्याला बाबांचे भाऊ आले. बाबांचं मूळ गाव डोंगरापलीकडे. दुआ झाली, जेवणं झाली, तेव्हा तुगियोने त्यांना सगळं सांगितलं. काका पुढे सरकले.

"दोरो मुलुकच होता? नक्की?"

"नक्की."

"आमच्या गावात तो सगळं ठीक म्हणून नाही वाजवत," काका म्हणाले. "कुणी गेलं की वाजवतात. लहानपणी आमच्या मशिदीत तुझा बापच वाजवायचा."

तुगियो ढसाढसा रडला. त्याला आधार सापडला होता. बाबांनी फसवलं नाही, बाबा कळवायला आले होते, त्यांच्या गावच्या रीतीने. आपल्यालाच अर्थ कळला नाही. तो मला पुन्हा पुन्हा हेच सांगत राहिला. अजून सांगतो.

मी त्याला एकच विचारते. मग तो शेवटचा ठोका कशाला? डोंगरापलीकडे तसा कुणी देत नाही. तो फक्त आईसाठी होता, आणि त्याचा अर्थ आईला एकच माहीत होता. बाबांनाही एकच माहीत होता.

तिला त्यांनी बोलावलं. का बोलावलं, ते मला कळत नाही. ती सुखरूप बसली होती. माझ्या शेजारी बसली होती.

धरण पुन्हा बांधलंय. जुनं अर्धं तसंच ठेवून त्याला नवं जोडलंय. दरवाजे निळे आहेत. भोंगाही नवा आहे. साहेब बदललेत, पण नातवंडांच्या लग्नाचं वाक्य तेच आहे. खाली पुन्हा घरं उठताहेत. केंतोंगन माझ्या खानावळीच्या माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलंय. जाळायला काढलं होतं, तुगियोने जाळू दिलं नाही. पाऊस थांबला की मी माळ्याच्या शिडीखाली जाऊन उभी राहते आणि वर जात नाही.

यंदा रोजे सुरू व्हायच्या आधी सगळं गाव कबरी झाडायला गेलं. आई-बाबांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. मी आईची झाडली, तण उपटलं, गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या.

"बाबांची राहिली," तुगियो म्हणाला.

"तू झाड," मी म्हटलं.

त्याने झाडू घेतला. बाबांच्या कबरीपाशी गेला. झाडायला वाकला आणि न झाडताच सरळ झाला. मग झाडू कुंपणाला टेकवून ठेवला आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे चालू लागला.