मागची काच

भिकुबाईंनी दुष्काळात हातातल्या पाटल्या मोडून विहीर खोदवली. त्यांच्या सूनबाई सुंदरबाईंनी त्या विहिरीच्या पाण्यावर रावेरच्या शिवारात घराण्याची पहिली केळी लावली. सुंदरबाईंच्या सूनबाई यशोदाबाईंनी, ज्या वर्षी केळीला उत्तरेकडून सोन्याचा भाव आला, त्या वर्षी पांढरी ॲम्बेसेडर दारात आणवली. यशोदाबाईंच्या सूनबाई म्हणजे इंदिराबाई. महाजनांच्या सातबाऱ्यावर पुरुषांची नावे होती, पण गावात घर ओळखले जाई ते या बायकांच्या शब्दावरून. या घरातून गेलेला शब्द कधी खाली पडला नाही, असे रावेरचे लोक म्हणत. इंदिराबाई ते ऐकून मान हलवीत, पण स्वतः तसे म्हणत नसत.

घरात एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की गाडीत बसल्यावर ती वळून मागच्या काचेवर आतून हळदीचा पंजा उमटवी. बैलांची दमणी होती तेव्हा तो पंजा मागच्या फळीवर उमटे, गाडी आली तेव्हा काचेवर. मुलगी पहिल्या मुळाला, म्हणजे माहेरच्या पहिल्या बोलावण्याला, परत येईपर्यंत तो पंजा कोणी पुसायचा नाही. पावसात गाडी बाहेर राहिली तरी चालेल, धूळ चढली तरी चालेल, पण आतून फडके फिरवायचे नाही. दोन नणंदा आणि एक मुलगी अशा तिघींचे पंजे त्या काचेने जपले होते. आता शनिवारी नात मयुरी त्याच गाडीतून निघणार होती.

बुधवारी भर दुपारी काच फुटली.

गाडी लिंबाच्या सावलीत उभी होती. जवळपास कोणी नव्हते. आवाज ऐकून योगराज धावत गेला. इंदिराबाईंचा हा एकुलता एक मुलगा, मयुरीचा बाप, सत्तेचाळीस वर्षांचा. मागच्या सीटवर साबुदाणा सांडावा तसा काचेचा चुरा पडला होता. बाहेर जमिनीवर एकही कण नव्हता.

"सेहेचाळीस डिग्री आहे आज," योगराज म्हणाला. "जुनी काच, कुठंतरी टवका गेलेला असेल. तापली आणि फुटली."

"असेल," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांनी सीटवरचा चुरा नीट पाहिला. तो सगळा सीटच्या मधोमध पडला होता, बाहेरून दोन्ही हातांनी ढकलल्यासारखा.

"आई, आता ही काच मिळायची नाही. मी भुसावळहून नवी गाडी सांगतो भाड्यानं. फुलांनी मढवून पाठवतील."

"भाड्याच्या गाडीत वऱ्हाडी बसतात. महाजनांची मुलगी बसत नाही."

"मग मागं ताडपत्री बांधू?"

"बांध. आणि तुला मी त्या ताडपत्रीत गुंडाळून मिरवते."

योगराज हसला आणि फोन लावायला गेला. संध्याकाळपर्यंत पत्ता लागला. जळगावचा मोतीलाल नावाचा जुना काचवाला म्हणाला की धुळ्यात एका भंगारवाल्याकडे तशी एक काच आहे, गोधडीत गुंडाळून सकाळच्या एस.टी.ने मागवतो.

गुरुवारी दहाच्या सुमारास ते जळगावला पोचले. मोतीलालचे दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर आणि भिंतीला टेकवलेल्या काचा. तो मूळचा धुळ्याकडचा, साठीचा, बोलण्यात खानदेशी आणि हातांवर बारीक चिरांच्या खुणा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि टपावर थाप दिली.

"काय जपेल शे हो गाडी, अक्का! आजकाल लोक घरवालीले इतकं जपत नईत."

"तुमच्या घरवालीला विचारून बोला."

"तिनंच सांगेल शे मले," मोतीलाल म्हणाला. त्याने गोधडी सोडली. धुळ्याची काच स्वच्छ होती. इंदिराबाईंनी ती उन्हात धरायला लावली, दोन्ही बाजूंनी पाहिली, पदराने पुसून पुन्हा पाहिली. ना चरा, ना डाग.

मोतीलालने काचेच्या कडेने रबर चढवले, रबराच्या खाचेत सुतळी बसवली, साबणाचे पाणी फिरवले. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हाई काम दोन माणसासनं शे, अक्का. एकानं बाहेरून दाबायचं, दुसऱ्यानं आत बसून सुतळी ओढायची. सुतळी निघते तसं रबर पत्र्यावर चढत जातं. मना भागीदार लग्नाले गयेल शे. उद्या या."

"उद्या हळद आहे. योगराज कुठे गेला?"

"ते सोनाराकडे गेले. तास लागीन म्हणे."

"मग मी ओढते."

"तुम्ही?"

"सत्तर वर्षांत मी यापेक्षा जड गोष्टी ओढल्या आहेत. सांगा कशी ओढायची."

इंदिराबाई पदर खोचून मागच्या सीटवर आडव्या वळून बसल्या. मोतीलालने काच बाहेरून लावली. सुतळीचे टोक त्यांनी बोटाला गुंडाळले आणि उजव्या कोपऱ्यापासून ओढायला सुरुवात केली. मोतीलालचे काळे, रुंद तळवे काचेवर थापा देत त्यांच्या हाताबरोबर सरकू लागले. रबर चपचप आवाज करीत बसू लागले. उजवी बाजू झाली. वरची कड झाली. डाव्या कोपऱ्याशी सुतळी अडली.

"डावीकडे दाबा," त्या म्हणाल्या.

"थांबा अक्का, इकडलं सुटतंय. इकडं धरू द्या पहिले."

मोतीलालचे दोन्ही हात उजवीकडे होते. त्या क्षणी डावीकडे दोन तळवे काचेवर टेकले.

लहान तळवे होते. चिखलाने माखलेले. मनगटावर गोंदणाचे हिरवे ठिपके होते. डाव्या हाताला करंगळी नव्हती.

हातांच्या मागे काही दिसत नव्हते. साबणाचे पाणी होते आणि पाण्यापलीकडे रस्त्यावरचे पांढरे ऊन.

इंदिराबाईंनी सुतळी सोडली नाही. हातात घेतलेले काम अर्धे टाकणे त्यांना ठाऊक नव्हते. त्या ओढत राहिल्या, ते तळवे दाबत राहिले, आणि रबर शेवटपर्यंत अचूक बसले.

मोतीलाल वळसा घालून डावीकडे आला. त्याने कोपरा चाचपला.

"इकडं कोणी दाबलं?"

"बसली ना काच?"

"बसली. पण मी तिकडं व्हतो." त्याने ओले फडके घेतले. काचेवर दोन पंजे उमटले होते, वाळलेल्या चिखलाच्या रंगाचे. त्याने बाहेरून पुसले. मग आत येऊन आतून पुसले. मग ब्लेडची पत्ती घेऊन खरवडले. पंजे तसेच राहिले.

"धुळ्याहून आली तव्हा नव्हतं हो हे," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसरी काच पाहू का?"

"नको," इंदिराबाई म्हणाल्या. "हीच आमची आहे."

परतताना योगराज गाडी चालवत होता. सावद्याच्या पुढे तो दोनदा पायाकडे वाकून पाहू लागला.

"काय झालं?"

"काही नाही. गाडी हलकी चालतेय." थोड्या वेळाने तो म्हणाला, "आई, मी पाय काढलेला आहे."

"कशावरचा?"

"ॲक्सिलेटरवरचा. केव्हाच."

दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा मागे जात होत्या. काटा पन्नासवर स्थिर होता. चढ लागला तरी तो खाली आला नाही. मागून कोणी ढकलत असावे तशी गाडी रावेरच्या फाट्यापर्यंत आली.

इंदिराबाईंनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. सत्तेचाळीस वर्षांत जे कोणाला सांगितले नव्हते ते त्यांनी तिथे मुलाला सांगितले.

त्यांना आठवा महिना होता. सातपुड्याच्या पायथ्याशी देवीचा नवस फेडून सगळे परतत होते, आणि नाल्यात चाके रुतली. वरून पाणी चढत होते. त्यातच पोटात कळा सुरू झाल्या. नवरा आणि सासरा दोघे ढकलून थकले. तेव्हा डोक्यावर मोळी घेतलेली एक पाड्यावरची बाई आली. तिने मोळी फेकली, पाण्यात उतरली आणि मागच्या काचेवर दोन्ही तळवे टेकून खांद्याचा जोर लावला. मागच्या सीटवर आडव्या पडलेल्या इंदिराबाईंना वर फक्त ते तळवे दिसत होते. गाडी निघाली. बाईने खिडकीशी येऊन नाव सांगितले, रुपली, आणि एवढेच मागितले: "बाई, माले बी एक डाव गाडीमा बसाडजो. मना मायेर लगून."

"बसवीन, तुझ्या माहेरापर्यंत," इंदिराबाई म्हणाल्या होत्या. "माझा शब्द आहे."

त्या रात्री योगराज जन्मला. सकाळी काचेवर चिखलाचे पंजे वाळले होते. मुलगी परत येईपर्यंत काचेवरचा पंजा पुसायचा नाही, ही त्या घरची रीत; इंदिराबाईंना वाटले, रुपलीचाही पंजा शब्द पुरा होईपर्यंत राहावा. पण यशोदाबाई म्हणाल्या, तो पंजा आपल्या लेकीचा असेल तर, मोळीवालीचा नव्हे. त्यांनी काच धुवायला लावली. इंदिराबाई बाळंतिणीच्या खाटेवरून ते पाहत होत्या. त्या गप्प बसल्या.

"पुढे माझ्या हाती घर आलं. तेव्हा गेले असते तर शब्द पडला होता हे कबूल करावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "म्हणून गेले नाही."

 योगराजने मागे वळून काचेकडे पाहिले.

"उद्या किती वाजता निघायचं?"

शुक्रवारी मयुरीला हळद लागली. उष्ट्या हळदीतली एक वाटी इंदिराबाईंनी बाजूला काढली. कपाटातून हिरवे नऊवार लुगडे काढले. दोन्ही मागच्या सीटवर ठेवून त्या स्वतः पुढे बसल्या. त्या गाडीत त्या पुढे बसल्याचे घरात कोणी पाहिले नव्हते.

पाड्यावर रुपलीचे घर सापडायला वेळ लागला नाही. तिचा मुलगा तेरसिंग बाहेर आला. गाडी पाहून तो दारातच थांबला.

"पांढरी गाडी," तो म्हणाला. "आई सांगे. बाजारच्या दिवशी नाल्यावर जाऊन बसे. आम्ही हसत होतो. म्हणायची, मोठ्या घरची बाई शे, येईन."

"कुठे आहे ती?"

"परवा गेली. बुधवारी, दुपारच्याला." त्याने आपले दोन्ही हात समोर पसरून दाखवले. "हात असे धरेल व्हते. खाली करायले गेलो तर होईनात."

इंदिराबाईंनी डोळे मिटले नाहीत. मान खाली घातली नाही. त्यांनी फक्त हात जोडले, आणि तेरसिंगसमोर महाजनांच्या घरातल्या बाईने पहिल्यांदा म्हटले, "माझा शब्द पडला होता. मी तो उचलायला आले आहे. तिचं माहेर कुठं?"

तेरसिंग मोटारसायकलवर पुढे निघाला. दोन टेकड्या ओलांडून वाट सागाच्या झाडीत शिरली. योगराजने आरसा खाली वाकवून ठेवला होता. मागे कोणी बोलत नव्हते. फक्त खड्डा आला की मागच्या सीटची स्प्रिंग दबून करकरे, जशी एका माणसाच्या वजनाने करकरते.

माहेर म्हणजे आता चार कुडाच्या भिंती आणि एक मोहाचे झाड होते.

इंदिराबाई उतरल्या. त्यांनी स्वतः मागचे दार उघडले आणि बाजूला उभ्या राहिल्या, जसे घरच्या लेकीसाठी राहतात.

"उतर, रुपली. घर आलं."

पाने हलत नव्हती.

गाडी एका बाजूने किंचित वर आली.

 इंदिराबाईंनी दार सावकाश लावले. मागची काच आरपार स्वच्छ होती. चिखलाचा एकही पंजा उरला नव्हता. सीटवर लुगडे नव्हते, हळदीची वाटी रिकामी होती.

"फिटलं," त्या म्हणाल्या आणि परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर, आपल्या नेहमीच्या जागी बसल्या.

शनिवारी लग्न लागले. पाठवणीच्या वेळी सगळे रावेर दारात उभे होते आणि इंदिराबाईंची मान नेहमीपेक्षा ताठ होती. मयुरी गाडीत बसली. हळदीचा हात घेऊन ती मागे वळली आणि तशीच थांबली.

"आजी, इथे एक पंजा आधीच आहे."

इंदिराबाई खिडकीतून आत वाकल्या. काचेवर आतल्या बाजूने हळदीचा पंजा होता. वाळलेला, पिवळाधमक, चार बोटांचा.

"पुसू का?" योगराजने विचारले.

"हात लावू नकोस," इंदिराबाई म्हणाल्या. "मयुरी, तुझा त्याच्या शेजारी उमटव."

गाडी वळणाआड गेली. मग इंदिराबाईंनी घरातल्या बायकांना हाक मारली आणि पहिल्या मुळाच्या दिवशी दोन पाट मांडायला सांगितले.