एकहाती म्हैस

सुनील आंबेनळीच्या वळणावर एसटीतून उतरला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. काम साधं होतं. वर वाडीत जायचं, सकाळी चांदी म्हशीला खाली रस्त्यावर आणायची, व्यापारी महिपतच्या टेम्पोत चढवायची आणि पैसे घेऊन महाडच्या दवाखान्यात भरायचे.

त्याची आई ठमाबाई तिथं अतिदक्षता विभागात, काचेआड होती. तापानं फणफणली म्हणून वाडीतल्या लोकांनी तिला डोलीत घालून उतरवलं, ती काचेआड गेली ती गेलीच. आत कुणाला सोडत नव्हते. बाहेर फक्त मागण्या यायच्या. औषधं आणा, भरणा करा. बिरवाडीच्या कारखान्यातला पगार पहिल्याच दिवशी संपला. मग शेळ्या गेल्या, मग बायकोच्या गळ्यातलं गेलं. ‘पेशंट स्टेबल आहे,’ डॉक्टर म्हणायचे. बरी कधी होईल, असं विचारलं की ते घड्याळाकडे बघायचे.

आता राहिली होती फक्त चांदी. ती एकहाती. ठमाबाईनं ‘ये गो चांदेऽ’ म्हणत कासेला हात लावला तरच पान्हा सोडणार, दुसऱ्या कुणाला लाथ. आई बरी होऊन परतली आणि गोठा रिकामा दिसला तर तिला काय सांगायचं, हे सुनीलला चढण संपेपर्यंत सुचलं नाही.

शेजारची काशीबाई उंबऱ्यात बसली होती.

“आयला कधी आणलीस रे? सांगायचं तरी!”

“आय महाडात हाय, काकी.”

“चल, थट्टा करतोस म्हातारीची! मग परवापासनं धार कोण काढतंय? मी धारेची कासंडी घेऊन गेले व्हते, तर लाथ मारली मेलीनं. आन् परवा तिन्हीसांजेला ऐकते तर ठमा हाका मारतेय. म्हटलं, दुखण्यातनं आलीय, झोपू दे. म्हणून आले नाय.”

सुनील हसला. काकीचे कान गेले, असं त्याला वाटलं. मग डोंगराची सावली वाडीवर उतरली, शेण-गवताचा वास जड झाला, आणि गोठ्यातून आवाज आला.

चर्र… चर्र… चर्र…

रिकाम्या भांड्यात धार पडते तसा. हळूहळू तो भरत गेला, फेसाळ झाला. आणि त्यावर अगदी हलकेच, लाडानं… “ये गो चांदेऽ… ये गो…”

त्यानं धावत जाऊन दार लोटलं. आत कुणी नव्हतं. चांदी डोळे मिटून रवंथ करत होती. तिच्या पायांशी कासंडी होती, काठोकाठ. त्यानं बोट बुडवलं. दूध ऊन होतं.

त्यानं दवाखान्यात फोन लावला. सिस्टर श्रुतिकानं उचलला.

“स्टेबल आहेत, दादा.”

“सिस्टर, तिच्या हाताला हात लावून बघता?”

पावलं वाजली. चादर सरकल्याचा आवाज आला.

“गार आहे… एसी असतो ना आत…” तिचा आवाज एकदम खाली गेला. “दादा, उद्या लवकर या. आणि आता… काही विकू नका.”

सकाळी महिपतचा टेम्पो रिकामाच गेला. सुनील वाडीतली माणसं घेऊन दवाखान्यात शिरला आणि काचेचं दार ढकलून थेट आत गेला.

“इन्फेक्शन होईल!” डॉक्टर ओरडले.

यंत्र छाती हलवत होतं. पण चादरीखाली हात लाकडासारखा ताठ होता. अंगठा आत मुडपलेला, त्यावर बोटं आवळलेली, म्हशीचा सड धरावा तशी मूठ. मुठीतून कच्च्या दुधाचा वास येत होता. बोटांच्या फटी ओल्या होत्या.

डॉक्टरांनी त्या मुठीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. “आत्ताच… आत्ता गेल्या. बाहेर बिल क्लिअर करा, मग बॉडी मिळेल.”

“तीन दिस झाले माझी आय जाऊन, तुम्ही तिला खाटेवर भाडेकरू म्हणून ठेवलीत!” सुनीलचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. तिथं बसलेली माणसं एकेक करून उठली आणि आपापल्या माणसांना बघायला काचेला येऊन चिकटली. मग मात्र बिलाचं नाव कुणी काढलं नाही. “न्या, लवकर न्या,” एवढंच डॉक्टर म्हणाले.

वाडीतच तिला अग्नी दिला. ती मूठ शेवटपर्यंत उघडली नाही.

तिन्हीसांजेला सुनील गोठ्यात जाऊन बसला. हाक आली नाही. त्यानं कासेला हात लावला, चांदीनं लाथ झाडली. काशीबाई दारातच थांबली होती. “गेली रे ती आता,” ती म्हणाली. “सुटली.”

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्याचा नंबर होता. डॉक्टर स्वतः बोलत होते, पण तो आवाज त्यांचा वाटत नव्हता.

“सुनीलभाऊ… खाट रिकामी आहे. मशीन बंद केलंय, वायर मी स्वतः काढली… तरी ते चालतंय हो. दार उघडत नाहीये, मी आत अडकलोय. तुमच्या आईला… पाया पडतो… तुमच्या आईला घेऊन जा…”

त्यांच्या आवाजामागे काहीतरी वाजत होतं. चर्र… चर्र… आणि अगदी हलकेच, लाडानं, “ये गो चांदेऽ…”

चांदीनं कान टवकारले. मान वळवून तिनं सुनीलच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

आणि कुणाचाही हात न लागता तिच्या चारही सडांतून दुधाच्या धारा जमिनीवर पडू लागल्या.