मिठाविना वाढलेलं पान

मालवणात कुठे जेवावं, याची यादी करायला शर्मिला आणि तिचा नवरा मितेश पुण्याहून आले होते. वेबसाइट दोघांची, लिहायचं तिने, जेवायचं त्याने. मितेश पक्का नागपूरचा. चार दिवसांत त्याला मालवणीतलं साधं 'खंय'सुद्धा धड म्हणता येईना, पण सुरमई, तिसऱ्या, सोलकढी, सगळ्यांवर ताव मारून झाला होता. आता यादीत एक घरगुती जागा तेवढी हवी होती.

देवबागच्या रस्त्यावर बाबलीच्या टपरीशी त्यांनी गाडी थांबवली. भाद्रपदातलं ऊन मी म्हणत होतं.

"घरचं जेवण कुठे मिळेल हो?" शर्मिलाने विचारलं.

"आज खंय गावतला?" बाबली म्हणाला. "थंय हौसाबायकडे वाडी आसा. पण तुमी..."

"वाडीतलं जेवण! झकास नाव," म्हणत मितेशने गाडी सोडलीसुद्धा. वाडी म्हणजे वस्ती, एवढंच त्याला ठाऊक.

माडांपलीकडच्या हौसाबाईंच्या घरापाशी गाडी तिच्या हाती देऊन तो उतरला. गाडी वळवून शर्मिला घरापुढच्या खळ्यात आली, तोवर स्वारी मांडी घालून बसलीही होती. दगडी गडग्याजवळ केळीचं एकच पान. त्यावर वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, खीर. दुसरं जेवणारं कोणी नाही. ओसरीवरून एक म्हातारी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"आजी, मीठ राहिलं वाढायचं," घास गिळत मितेश म्हणाला.

"मीठ तुका चलता खंय?" म्हातारी मायेने म्हणाली. मग घराकडे वळून ओरडली, "घेतल्यान गो, घेतल्यान!"

आत कोणीतरी हुंदका दिला. मग ताटं मांडल्याचे आवाज आले. सगळं घर जेवायला बसलं. शर्मिलाच्या अंगावर उन्हातही काटा आला. तरी सवयीने तिने हौसाबाईंचा नंबर वहीत टिपून घेतला.

परतताना बाबलीने कपाळावर हात मारला. "वाडी म्हणजे गेलेल्याचा पान, ताई! हौसाबायचो पोरगो ओंकार सात वर्सांमागे होडयेवांगडा बुडालो. आंगसुद्धा गावाक नाय. दर वर्सा आवस पान वाढता, पण कावळो म्हणान शिवना नाय."

मितेश हसला. "मी शिवलो ना!"

संध्याकाळी मालवणात पहिल्याच घासाला त्याने तोंड वाकडं केलं. "खारट!" शर्मिलाने चाखून पाहिलं. चव अगदी बरोबर होती.

पुण्याला आल्यावरही तेच. डाळ खारट, पोळी खारट. आठवडाभर तो नुसत्या भातावर होता. गालफडं बसली. डॉक्टरांना काही सापडेना. आपला माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललाय, या भीतीने शर्मिला रडकुंडीला आली.

एका सकाळी तिने हौसाबाईंना फोन लावला. "आजी, त्या जेवणात काय होतं? ह्यांना मीठच सोसत नाही."

पलीकडे लाटांचा आवाज येत होता.

"तेका मीठ घालू नको गो बाय," हौसाबाई हळूच म्हणाल्या. "तो सात वर्सां खाऱ्या पाण्यात होतो."



स्वयंपाकघरातून मितेशचा आवाज आला.

"आवशीचो फोन मा गो? सांग तिका, येतंय म्हणान."