रविवारची फुलं

“भोक कुठंय?” हर्षिताने कोबीचा गड्डा उलटा केला, सुलटा केला, उन्हाला धरला.

“भोकाचा कोबी पाहिजे काय, अक्का?” विकणारा तरुण हसला.

“हो! किडीला चालतो तो माझ्या लेकीला चालतो. याला कीड शिवलीसुद्धा नाही, म्हणजे नक्की औषध मारलंय.”

बंगळुरूजवळच्या येलहंक्याच्या बाजारात चार माणसं वळून पाहू लागली. त्या तरुणाचे – अजिंक्यचे – कान लाल झाले. “फवारणी नाही हो, जाळी आहे. खोटं वाटत असेल तर शेतावर येऊन बघा. स्वल्प लांब आहे, एवढंच.”

ती खरंच गेली. पाच वर्षांच्या वेदिकाचं बोट धरून, उकळलेलं पाणी, टोपी, डासांचं मलम घेऊन. नवरा गेल्यापासून तीन वर्षं ती अशीच जगत होती – आधी धोका शोधायचा, मग पाऊल टाकायचं.

शेतात मात्र धोका सापडेना. पांढऱ्या बारीक जाळीखाली कोबी कसा दुपट्यातल्या बाळासारखा निवांत! बाहेर फुलपाखरं घिरट्या घालत होती. त्यांना अंडी घालायला पानच मिळेना.

“बिचारी!” वेदिका म्हणाली. अजिंक्य इतका मोकळा हसला, की हर्षितालाही हसू आवरेना.

मग दर रविवारी सकाळी येणं सुरू झालं. तपासायला – असं ती म्हणायची.

“काय तपासणीसबाई, आज काय सापडलं?” तो विचारायचा. अक्का म्हणणं त्याने केव्हाच सोडलं होतं. भोपळ्याच्या वेलांवरची जाळी एका बाजूने उचललेली दिसायची; तेवढी ती गुपचूप खाली ओढून मातीत दाबून टाकायची.

आणि गेल्या रविवारी, मेथी जुडीत बांधता बांधता, तो म्हणाला होता, “तुम्ही दोघी... इथेच राहायला याल? कायमच्या?”

आज ती नाही म्हणायला आली होती. वेदिकाला त्याचा फार लळा लागला होता. आणि उद्या तोही नसला तर...?

शब्द जुळवत ती वेलापाशी वाकली. पिवळी पडून गळालेली इवलाली फळं मातीत पडली होती. “हे काय झालं?”

“रविवारची फुलं ती.” अजिंक्य शेजारी टेकला. “भोपळ्याचं फूल एकच सकाळ उमलतं. तेवढ्यात मधमाशी आली तरच फळ धरतं. म्हणून मी जाळी उचलून ठेवतो. आणि रविवारी... कोणीतरी खाली ओढतं.”

हर्षिता गोरीमोरी झाली. “अहो, किडे आत शिरतील म्हणून मी... मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही शरमेनं यायचंच थांबवलं असतं. सहा दिवसांची फळं मला पुरतात हो. रविवार मात्र एकच असतो.”

तिने एक गळालेलं फळ तळहातावर घेतलं. “पण उघडी ठेवल्यावर भुंगेरे येत नाहीत?”

“येतात की. पानं खातात दोन-चार. खोटं कशाला सांगू?”

काही होणार नाही, असं तो म्हणाला असता, तर ती नाही म्हणून परत फिरली असती.

तिने जाळीची कड दोन्ही हातांनी वर उचलली. एक मधमाशी गुणगुणत आत शिरली.

“आई, चावेल ती!” वेदिका ओरडली.

“नाही गं. आणि चावलीच, तर आपण आहोत ना...” हर्षिताने अजिंक्यकडे पाहिलं. “तिघं.”

त्याचे कान पुन्हा लाल झाले.