एक ते चार

"तिला सांग, घोरतोय म्हणजे अजून आहे मी. थांबलो, की शांतपणे मीटिंग घ्या म्हणावं."

बाबा, म्हणजे माझे सासरे, स्वयंपाकघरात आईंना सांगत होते. मी पाण्याची बाटली भरायला आले होते. ती रिकामीच घेऊन परत फिरले.

लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. धायरीतल्या आमच्या फ्लॅटच्या दारावर बाबांच्या वळणदार अक्षरात पाटी आहे : 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. तातडीचे काम असल्यास चारनंतर यावे.' खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हा नियम पाळला आणि घराकडून पाळून घेतला. त्या वेळात कुकरसुद्धा लावत नसत. झोपलेल्याला उठवणं तर लांबच.

ते हॉलमधल्या दिवाणावर झोपत, उताणे. शेजारच्या खोलीत माझं खराडीचं ऑफिस लॅपटॉपवर चालू असे. त्यांचं घोरणं माझ्या माइकमधून थेट टीमपर्यंत जाई. एकदा माझा टीम लीड सलिल म्हणाला, "तुझ्याकडे मिक्सर चालू आहे का?" "सासरे घोरताहेत," मी म्हणाले. सगळे हसले. घोरण्याचं मी शौनकला, माझ्या नवऱ्याला, फक्त सांगितलं. 'फक्त सांगितलं' असं मी अजून स्वतःची समजूत घालते. दुसऱ्या दिवसापासून बाबा आतल्या खोलीत दार लावून झोपू लागले.

हॉलमध्ये असताना एक गोष्ट मी पाहिली होती. घोरता घोरता ते एकदम थांबायचे. पंखा तेवढा ऐकू यायचा. शेजारी भाजी निवडत बसलेल्या आई मान वर न करता त्यांना कोपराने ढोसायच्या, अहो, कुशीवर वळा, म्हणायच्या. मग बाबा बुडता बुडता पाण्यावर आल्यासारखा श्वास घ्यायचे.

आतल्या खोलीत ढोसायला कोणी नव्हतं. माइकपर्यंत आता काही पोचत नसे, पण माझं टेबल त्याच खोलीच्या भिंतीला लागून होतं. थांबणं मला कळायचं. मी मोजायचे. बारा. अठरा. एकदा एकतीस. मग तो मोठा श्वास, आणि मी पुन्हा कामाला लागायचे. नव्या सुनेने सासऱ्यांचे श्वास मोजले, हे कोणाला कसं सांगायचं? एक तक्रार करून झालीच होती.

श्रावणातल्या एका मंगळवारी माझं प्रेझेंटेशन होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी भिंतीपलीकडचा आवाज थांबला. मी आठपर्यंत मोजलं. तेवढ्यात सलिलने माझं नाव घेतलं. मी बोलायला लागले. छान बोलले. मध्येच मनात आलं, बरं झालं, आज शांत आहे.

चार वाजता आई चहा घेऊन आत गेल्या.

डॉक्टरांनी नंतर विचारलं, घोरताना मध्येच श्वास थांबायचा का? झोपेत घसा मिटतो, म्हणाले. श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, दर वेळी हृदयाला धक्का बसतो. वर्षानुवर्षं. मुलाचीही तपासणी करून घ्या. शौनक म्हणाला, बघू. आई म्हणाल्या, हॉलमध्ये कधीकधी अडायचा, पण आत झोपायला लागल्यापासून अगदी गाढ झोप लागायची त्यांना. मी पाण्याचे पेले गोळा करत होते. तेच करत राहिले.

तेराव्यानंतर मी कामाला बसले, हेडफोन घट्ट लावून. रजेच्या अर्जात नुसतं 'कौटुंबिक कारण' लिहिलं होतं. पावणेदोनला सलिल हसत म्हणाला, "सासरे आज जोरात आहेत."

मी हेडफोन काढला.

भिंतीपलीकडे कोणीतरी घोरत होतं. सावकाश, जाड, शेवटाला बारीक शीळ... मग थांबलं. मी मोजत राहिले. दोनशेच्या पुढे गेल्यावर उठून पाहिलं, तर गुंडाळलेली गादी आणि बामचा वास. बाकी काही नाही. शौनकला सांगायचं ठरवलं, आणि त्या दिवशीही नाही सांगितलं.

काल रविवार. शौनक जेवून बाबांच्या खोलीतल्या पलंगावर आडवा झाला, दार लोटून. तोही वडिलांसारखाच उताणा झोपतो. मी टेबलापाशी उगीच बसून होते. त्याचं घोरणं सुरू झालं, आणि थांबलं. पाच... सहा... सातव्याला दुसरं घोरणं सुरू झालं. जाड. शीळवालं.

मग तेही थांबलं.

एकवीस... बावीस... घड्याळात अडीच. पाय उचलायला मला फार वेळ लागला.

दार ढकललं तर शौनक उठून बसलेला, धापा टाकत, खांदा चोळत. म्हणाला, "उठवायची ही काय रीत? केवढ्या जोरात कोपर मारलंस."

मी अजून उंबऱ्यात होते. हातात दाराची कडी.

हॉलमधून आई आल्या, झोपमोड झालेल्या डोळ्यांनी. "एक ते चार आपण कोणाला उठवत नाही. माहीत आहे ना तुला?"

"माहीत होतं, म्हणूनच बाबांना उठवलं नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी ते थांबले, आई. मी ऐकलं. आठपर्यंत मोजलं, आणि... मला बरं वाटलं. शौनकला उद्याच दाखवून आणू. आणि आत्ता त्याला... मी नाही उठवलं."