शेठ येईपर्यंत

"माझं मालक चोर न्हाईत, साहेब. पण आज त्यास्नी पोलिसात देणार हायेत."

पालघरला चोऱ्यांचा छडा लावणाऱ्या प्रताप चुरींच्या ओसरीवर बसून रत्नाबाईनं एवढंच सांगितलं आणि डोळ्याला पदर लावला. तिचा नवरा आनंदा साताऱ्याकडून पोटासाठी आलेला. बोईसरला तेलविहिरींची कामं घेणाऱ्या एका कंपनीत तो स्टोअरकीपर होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून हिऱ्यांचे दाणे जडवलेलं ड्रिलिंगचं बिट नाहीसं झालं. कुलूप शाबूत, किल्ली आनंदाकडे. मग दुसरा चोर शोधायला कोण जातंय?

चुरींनी टोपी घातली. त्यांचे बालमित्र रामनाथ सावे, चिकूच्या वाडीचे मालक, न बोलावताच निघाले. आपल्या मित्राच्या डोक्यात काय चालतं ते या गृहस्थांना जन्मात कळलं नव्हतं, पण सोबत जायची हौस मात्र दांडगी.

बोईसरला कंपनीच्या शेडमध्ये मॅनेजर टिपणीस कपाळाला हात लावून बसले होते. कंपनी आधीच डबघाईला आलेली, त्यात ही भानगड. बिट जेमतेम मुठीएवढं, पण खडक कापत पार पाताळात उतरणारं. ते नसलं तर गुजरातेतलं उरलंसुरलं काम हातचं जाणार. ऐकून रामनाथ थक्क झाले. एवढीशी वस्तू आणि पृथ्वीच्या पोटात मैलभर! टिपणिसांनी कामगारांच्या खोल्या धुंडाळल्या होत्या, फरशीसुद्धा उकरली होती. आता शेठ मुंबईहून यायचे होते, आणि ते आले की आनंदा पोलिसात.

शेडच्या मधोमध दसऱ्याची पूजा अजून तशीच होती. हातोडे, करवती, पकडी झेंडूखाली मांडलेल्या. मागे तांब्याची कळशी, तिच्यावर आंब्याचा टहाळा आणि नारळ.

"दरसाल शेठ सोता पूजा उचलतात, मंग हत्यार हलतं," फोरमन नागोराव म्हणाला. "औंदा आले न्हाईत." टिपणीसही देवभोळे, त्यांनी पूजेला बोट लावलं नव्हतं.

रामनाथांनी भक्तिभावानं हात जोडले. झेंडू ताजा होता, कळशीवरची पानं मात्र वाळून कुरकुरीत. "फुलं रोज बदलता आणि कळशीत पाणी घालायला विसरता होय?" त्यांनी थट्टा केली. कुणी हसलं नाही.

कंपनीच्या टेलिफोनवरची प्रेमला आधी बोलेचना, मग बोलायची थांबेना. मशीनला आडोसा नाही म्हणून जिवल्या या कामगाराची बोटं गेली, तिनं सांगितलं. तेव्हापासून माणसं शेठशी फोनवर बोलायला येत आणि टिपणीस म्हणत, लाइन खराब आहे. बिट गेलं त्या सकाळी मात्र शेठची लाइन त्यांनी स्वतः लावून घेतली.

राहिला आनंदा. तो बाकड्यावर बसला होता. चोरी केली नाही, असंही म्हणाला नाही. रडणाऱ्या रत्नाबाईकडे न बघता त्यानं चुरींनाच विचारलं, "शेठ नक्की येणार नव्हं?"

चुरी नुसते हसले. रामनाथांच्या डोक्यात काही म्हणता काही शिरलं नाही.

शेठ आले, तेच तापलेले. चुरी पुढे झाले.

"शेठ, आधी पूजा उचला. मग बिट दाखवतो."

शेठनी चपला काढल्या, नारळ उचलला, टहाळा बाजूला केला. आत पाण्याचा टिपूस नव्हता. हात घातला तर फडक्यात गुंडाळलेलं बिट! दारातून आलेल्या उन्हात हिरे लखलखले आणि रामनाथांचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

"पानं पाण्यावर असती तर इतकी वाळली नसती," चुरी म्हणाले. "रोज फुलं वाहणारी माणसं पाणी विसरत नाहीत. आत पाणी चालणार नव्हतं. तुमच्याशिवाय तिथं कुणी हात घालणार नाही, हेही त्यांना ठाऊक. किल्ली आनंदाची, कळशीची राखण नागोरावाची, तोंडं सगळ्यांनी मिटलेली. आरोपीनं सुटकेऐवजी तुमची चौकशी केली, तेव्हाच मला उमगलं. यांना बिट नको होतं, तुम्ही हवे होतात."

"सगळ्यांना आत टाका!" टिपणीस ओरडले.

"कशासाठी? कंपनीची वस्तू कंपनीच्या शेडमध्ये, कंपनीच्या कळशीत आहे."

रामनाथांच्या अंगावर काटा आला. एवढी माणसं, आणि बिटाबद्दल एकाच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता! आनंदा तर तुरुंगात जायला बसला होता.

जिवल्यानं बोटं नसलेला हात पुढे केला, तो शेठनी पाहिला. मग त्यांनी नारळ फोडला आणि पूजेपुढे मांडी घालून बसले. "बोला," ते म्हणाले. टिपणिसांना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. नागोराव उठला आणि जिवल्याच्या बोटांपासून बोलू लागला.

आनंदानं खोबऱ्याचा तुकडा रत्नाबाईपुढे धरला. तिनं तो घेतला नाही.

"मलाबी न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "मी देव पाण्यात घालून बसले हुते."

आनंदा हात तसाच पुढे धरून उभा राहिला.