खिडकीजवळची खुर्ची

बाबांच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडा तेवढ्या शाबूत होत्या. समोरच्याचं तोंड दिसायचं नाही, कान दिसायचे. "बरंच झालं," ते म्हणत, "या वयात कुणाची तोंडं बघायची हौस आहे?" कपात काय आहे ते बघायला त्यांना मान वळवून कपाच्या बाजूला बघावं लागे. तीस वर्षं पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून काढलेल्या माणसाला ते फार जड गेलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं हा त्यांचा धंदाच होता.

मुलगी यंत्रांना डोळे बसवायचं काम करायची. साध्या कॅमेऱ्याला सगळंच सारखं स्पष्ट दिसतं, म्हणून त्याला महत्त्वाचं काय ते कळत नाही, हे ती भेटेल त्याला सांगत सुटे, मग ऐकणाऱ्यानं जांभई का देईना. माणसाच्या डोळ्याला नखाएवढाच तुकडा नीट दिसतो, बाकी सगळा अंदाज. म्हणून तो सारखा धावत असतो, कपावरून चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून दारावर. तसा धावणारा डोळा तिनं बाबांच्या चष्म्यात बसवला. ज्या वस्तूवर तो थांबेल तिचं नाव कानात सांगे. कुठं थांबायचं हे मात्र तो माणसांकडून शिकला होता. ती, दादा आणि वहिनी महिनाभर बाबांच्या घरात नजर टिपणारे चष्मे घालून वावरले होते.

घाई होती ती दादामुळे. तो वाईट नव्हता, थकला होता. रोज कामावरून सुटला की बाबांकडे चहाला यायचा आणि मगच स्वतःच्या घरी जायचा. त्यानं एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती.

"बाबांना दिसत नाही हे मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण नसलेलं दिसतं, त्याचं काय करायचं? उद्या तू कामावर असताना ते कुणाला दार उघडतील, सांग."

नसलेलं म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं कुणीतरी. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. डोळ्यांकडून कमी माहिती आली की मेंदू आपल्या मनानं चित्रं भरतो, त्यात वेड वगैरे काही नाही. तिला ते शंभर टक्के पटलं होतं. दादालाही पटलं होतं, पण खोली त्यानं सोडली नव्हती.

चष्मा घातला त्या दुपारी बाबा पोरासारखे हरखले. टेबल, कप, पंखा, मुलगी, दार. मग त्यांनी सवयीनं मान तिरकी केली.

"हा खुर्चीचं नाव का घेत नाही गं?"

"कुठल्या?"

"खिडकीजवळच्या. बसलंय त्याचं जाऊ दे. पण खुर्ची तर आहे ना?"

खुर्ची तर होती. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या तिनं महिनाभराच्या नजरा पडद्यावर मांडल्या. जिथं नजर पडली तिथं उजेड, नाही पडली तिथं अंधार. सगळी खोली उजळली होती. खिडकीजवळ खुर्चीएवढं काळं भोक होतं. दादाची नजर तिथवर जाई आणि घसरून दारावर पडे. वहिनीचीही. तिची स्वतःचीही. छताच्या कोपऱ्यातल्या ओलीच्या डागाकडेसुद्धा तिघांनी बघितलं होतं. खुर्चीकडे एकदाही नाही.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. बैठकीच्या खोलीत उभी राहिली आणि मुद्दाम खिडकीकडे वळली.

ती दाराकडे बघत होती.

पुन्हा वळली. पुन्हा दारच. ती याच घरात लहानाची मोठी झाली होती, आणि खुर्ची कोणत्या रंगाची आहे ते तिला आठवेना.

स्वयंपाकघरात कालचे कप तसेच पडले होते. तिनं नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. चहाला तिघंच होती, बाबा, दादा आणि ती. कप चार होते, चारही वापरलेले. काल चहा तिनंच केला होता. रोज तीच करायची.

"बाबा," ती त्यांच्याजवळ जाऊन बसली, "ते करतं काय?"

"काही नाही. बसतं."

"भीती नाही वाटत?"

"तलावावर जो हातपाय मारतो ना, त्याची चिंता नसते. जो गप्प असतो त्याच्यावर नजर ठेवायची. मी बघतोय तोवर ते हलत नाही."

"आणि तुमचे डोळे चांगले होते तेव्हा?"

"तेव्हा मलाही दिसलं नव्हतं. तेव्हा ते कुठं कुठं असायचं, देव जाणे. पण आता दिसलंय, तर सोडून कसं चालेल?"

दादाला हे सांगावं तर त्यानं एका खोलीच्या दोन खोल्या घेतल्या असत्या. तिनं रात्रंदिवस खपून चष्मा सुधारला. एक अडचण मात्र सुटेना. कडेचं दिसणं आणि कानातलं सांगणं यांची सरमिसळ होऊन बाबा अडखळत. शेवटी तिनं चष्म्याच्या दोन्ही बाजूंना चामड्याच्या पट्ट्या शिवल्या.

"घोड्यासारखी झापडं लावतेस होय मला?" बाबांनी पट्ट्या चाचपल्या. मग हळूच म्हणाले, "तिकडे कोण बघणार मग?"

तिला बाबा घरात हवे होते, एवढंच माहीत होतं. "उद्या दादा बघायला येणार आहे, बाबा."

त्यांनी चष्मा घातला. तिच्यासाठीच घातला, हे तिला कळत होतं.

रविवारी भर दुपारी, लख्ख उन्हात दादा आला. बाबा उठले, कशालाही न धडकता टेबलापाशी गेले, कप उचलला, एक थेंब न सांडता परत येऊन बसले. दादाचे डोळे भरून आले. त्यानं तिथल्या तिथे फोन लावला आणि वृद्धाश्रमातली खोली सोडली. मुलगी बाबांच्या पुढ्यात स्टुलावर बसली होती. तिला हसूही येत होतं, रडूही.

"मलाही ऐकू दे की याचा आवाज," दादा म्हणाला. तिनं आवाज मोठा केला.

"टेबल. कप. कप. कप. कप."

"चार? मोजणीत कच्चा आहे गं हा!"

"मुलगा. पंखा. खिडकी. खुर्ची."

तिचं हसू मावळलं.

"खुर्ची रिकामी."

"बघा, आहेच रिकामी!" दादा थेट खुर्चीकडे बघत होता. तिनंही बघितलं. सहज दिसली. हिरवी होती, एक हात घासून पांढरा पडलेला.

"माझी मुलगी कुठं गेली?" बाबांनी विचारलं. "हा तिचं नाव घेत नाही."

"मी इथंच आहे, बाबा. तुमच्यासमोर."

चष्म्यातला डोळा आवाजाकडे वळला. तिच्या गुडघ्यापर्यंत आला, आणि घसरला.

"दार."

दादा काहीतरी बोलायला तिच्याकडे वळला, आणि दाराकडे बघत राहिला.

बाबांचा हात झापडांकडे गेला.

तिच्या मानेवरचे केस हलले. तिनं झटकन मागं वळून बघितलं.

ती दाराकडे बघत होती.